पायाळूचे नियम

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना डोकं आत ठेवून पाय आधी बाहेर काढले. तेव्हापासून आजपर्यंत लोकांना माझ्या डोक्याशी काहीही घेणंदेणं नाही. पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान अडकली की सुरतेतली आमची अर्धी लिंबायत माझ्या दारात येऊन पालथी पडते. "सुषमाताई, तेवढा पाय लावा." मी डावा पाय पाठीवर टेकवते, जरा रेटते आणि शेवटी एक ठेवून देते. माणूस उठतो, इकडेतिकडे वाकून बघतो, "हलकं वाटतंय" म्हणतो आणि चहा न घेता जातो. पायाळूला पैसे द्यायचे नसतात. हा नियम कोणी काढला ते मला शोधून काढायचंय.

लाथेने उसण जाते यावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मी मारते. का मारू नये? बाईने चारचौघांत पुरुषाच्या पाठीत लाथ घालावी आणि त्याने वर हात जोडावेत, अशी दुसरी जागा या सुरतेत असली तर दाखवा. मी मुकादमाला मारलीय, घरमालकाला मारलीय. एकदा एका पुढाऱ्याला मारली, त्याला मापापेक्षा जास्तच बसली. पुढच्या रविवारी परत आला. म्हणाला, "ताई, उजवीकडे राहिलीय."

तर ही गोष्ट योगेंद्रच्या मानेची.

योगेंद्र म्हणजे शेजारच्या उषाबाईंचा मुलगा. आम्ही सगळे मूळचे अमळनेरकडचे. मोठी माणसं घरात अहिराणी बोलतात, पोरं दारात गुजराती बोलतात आणि भांडताना सगळे हिंदीवर येतात. योगेंद्र रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं वाहायचा. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: कापडाचं पार्सल पाठीवर घेतलं की ते मानेवर येऊन बसतं. मान वर केलीत तर पार्सल मागे पडतं, म्हणून मान खाली घालायची आणि समोर कोण आहे ते न बघता "साइड! साइड!" ओरडत पळायचं. वर्षानुवर्षं हे केलं की मान म्हशीसारखी जाड होते. पोरी हसायच्या योगेंद्रच्या मानेला. शालिग्राम मात्र हसला नाही. त्याला त्या मानेत धंदा दिसला.

शालिग्राम आपलाच माणूस. आपलाच आहे म्हणूनच जपून राहावं लागतं. कालपर्यंत इच्छापोरच्या कारखान्यांना कंत्राटावर माणसं पुरवायचा. मग कुठल्याशा साडीवाल्या शेठचा मुलगा अमेरिकेहून परत आला आणि त्याने वडलांच्या डोक्यात भरवलं की इथे अमेरिकन फुटबॉलची लीग काढू, मोबाईलवर दाखवू. शेठने शालिग्रामला मॅनेजर केलं. झालं. जो माणसं कारखान्याला पुरवायचा तो मैदानाला पुरवायला लागला. बदललं एवढंच की आता तो 'प्रोफेशनल' म्हणायचा. तोंडात पेढा धरून बोलावं तसं म्हणायचा.

"योगेंद्र, तू आता हमाल नाहीस. तू प्रोफेशनल आहेस."

"पण भाऊ, फुटबॉल तर मी कधी खेळलो नाही."

"हा तो फुटबॉल नाहीच. यात पायाचं कामच नाही."

ते मात्र खरं होतं. नाव फुटबॉल, आणि बॉल काखेत मारून पळायचं. बॉल तरी गोल असावा की नाही? आमच्या गल्लीत सगळे त्याला पपई म्हणायचे. पपई घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी रेड्यासारखं येऊन धडकायचं. डोक्यावर जाळीचं टोपलं, खांद्यांना प्लास्टिकचे पत्रे. योगेंद्र पहिल्यांदा ते सगळं घालून घरी आला तेव्हा उषाबाईंनी दार लावून घेतलं होतं.

कोच म्हणून नागपूरचा ललित नावाचा मुलगा आणला होता. शिकलेला, बारीक, सतत ओरडून घसा बसलेला. तो एकच गोष्ट ओरडायचा: "डोकं वर! धडकताना डोकं वर!" योगेंद्र संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्याची नक्कल करायचा. एकदा त्याने मला मोबाईलवर अमेरिकेतली मॅच दाखवली. एक धिप्पाड खेळाडू डोकं खाली घालून धडकला आणि पडला तो पडलाच. मग जे झालं ते बघून मी कोथिंबीर निवडायची थांबले. ते राक्षसाएवढे सगळे खेळाडू गुडघ्यांवर बसले. कोणी हात लावला नाही. एकाने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, बाकीच्यांनी मोजून एका दमात फळीवर घेतलं, आणि अँब्युलन्सची गाडी थेट मैदानात आली.

"मावशी, कोच सांगतो, मानेला मार लागला की हलवायचं नाही. टोपलंसुद्धा काढायचं नाही. हलवलं तर आतली दोरी तुटते आणि माणूस जन्माचा पडून राहतो. प्रोफेशनलमध्ये असं असतं."

"आणि तुमची गाडी कुठे उभी असते?"

"शालिग्रामभाऊ म्हणतात, फायनलला येणार."

"म्हणजे मोडून घ्यायचं असेल त्याने फायनलपर्यंत दम धरायचा."

योगेंद्र हसला. मी नाही हसले. पुढच्याच आठवड्यात ललितने शालिग्रामकडे गाडी आणि गळ्याचा पट्टा मागितला. शालिग्राम म्हणाला, "गाडी आणू की बँड आणू? एकच होईल. पब्लिक बँडला येते." ललितने शिटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि नागपूरची गाडी पकडली. त्या पोराला मी कधी भेटले नाही, पण माझा त्याला नमस्कार आहे.

मॅच होती सुरतेबाहेर, सचिन गावाला, डाइंग मिलच्या मागच्या मैदानावर. रविवार दुपार. उषाबाईंनी अख्खी गल्ली टेम्पोत भरली. कळण्याच्या भाकरी, ठेचा, पाण्याचा जार, आणि मी. मला मुद्दाम घेतलं होतं. "एवढी धडकाधडकी शे, कोणाले ना कोणाले उसण भरीच." म्हणजे शेठच्या लीगमध्ये डॉक्टर नव्हता पण गल्लीची पायाळू होती. डॉक्टरच्या जागी शालिग्रामचा एक भाचा थंड फवाऱ्याची बाटली घेऊन फिरत होता. कोणाला कुठेही लागलं की तो फवारा मारायचा. एकाच्या डोळ्यातही मारला.

बँड जोरात होता. योगेंद्रला पपई मिळाली आणि तो पळाला. छान पळत होता. उषाबाई बाकड्यावर चढून ओरडत होत्या. समोरून दीपक आला, परभणीकडचा, लूमवर काम करणारा, तोही तेवढाच आडवा. आणि योगेंद्रच्या शरीराने तेच केलं जे त्याला लहानपणापासून येत होतं. मान खाली घातली. मला तर वाटतं तो "साइड!" असंही ओरडला.

आवाज बँडच्या वर आला. मग योगेंद्र मातीत पडला होता, तोंड वर करून, आणि त्याचा एकही अवयव हलत नव्हता.

पब्लिकने टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांना काय कळणार, त्यांनी दुसरं गाणं धरलं.

मी आयुष्यात एवढी पळाले नाही. पोचले तेव्हा त्याचे डोळे टक्क उघडे होते, जाळीच्या आत.

"मावशी."

"आहे रे. बोल."

"माझे पाय कुठे आहेत?"

"जिथे असतात तिथेच."

"मला कळत नाहीयेत." मग एकदम हळू, "हलवू देऊ नको मला. मावशी, कोणाला हलवू देऊ नको."

माझ्या मागून तोवर अख्खी गल्ली आली होती. चांगली माणसं, जीव लावणारी, आणि तीच त्या क्षणी सगळ्यांत धोक्याची. दोघांनी पाय धरले, दोघांनी खांदे धरले. एक जण तोंडावर पाणी मारायला जार उचलून आणत होता. उषाबाई छाती बडवत होत्या.

"काय व्हयनं रे मना राजा? हाई टोपलं काढा आधी! त्याना जीव घुसमटी राहिना!"

आणि मागून शालिग्राम, हातात माईक, "उचला, उचला, बाजूला घ्या. लाइव्ह चालू आहे. टेम्पोत टाका, काही नाही झालं, मुका मार आहे."

मी म्हटलं, "हात लावू नका! मान मोडली असेल. हलवलं तर जन्माचा जाईल!"

कोणी ऐकलं? एकानेही नाही. शहाणपणाचं बोलले ना, म्हणून. माझ्या डोक्यातून निघालेलं या लोकांनी कधी ऐकलंय? खांदे धरणाऱ्याने "एक, दोन..." म्हणायला सुरुवात केलीसुद्धा.

तेव्हा मी डावा पाय उचलला आणि किंचाळले, "खबरदार! पायाळूचा पाय लागायच्या आधी उचलाल तर उसण उलटेल!"

"उलटेल म्हणजे?"

"ज्याचा हात लागलाय त्याच्या पाठीत शिरेल."

तापलेल्या तव्यावरून काढावेत तसे आठ हात मागे गेले. पाण्याचा जार घेतलेल्याने तो जागच्या जागी ठेवला आणि स्वतःच्या कमरेला हात लावून बघितला.

माझ्या आयुष्यात मी खूप खोटं ऐकलंय. बोलण्याची वेळ पहिल्यांदा आली, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

दीपक बाजूला उभा राहून रडत होता. एवढा मोठा रेडा आणि नाक गळत होतं. मी त्याला म्हटलं, "रडणं नंतर. एकशे आठला फोन लाव. सांग मानेला मार आहे, फळी आणि पट्टा घेऊन या." तो फोन घेऊन पळाला.

उषाबाई म्हणाल्या, "सुषमा, लाव व माय पाय! टोपलं काढीसन लाव!"

"टोपलं काढायचं नाही. काढलं की उसण डोक्यात चढते."

"मग लाव ना तशीच! तुना पाया पडस!"

आता पाय तर लावायलाच हवा होता. नाहीतर माझं राज्य दोन मिनिटांत गेलं असतं. मी त्याच्या डोक्यामागे मातीत बूड टेकलं, दोन्ही पाय पसरले आणि त्याच्या टोपल्याच्या दोन बाजूंना दोन्ही तळवे घट्ट लावले. त्या मोबाईलमधल्या माणसाने हातांनी डोकं धरलं होतं, मी पायांनी धरलं. पायांवर या लोकांचा विश्वास होता म्हणून. हातांनी धरलं असतं तर कोणीतरी "ताई, सरका" म्हणून मला ढकललं असतं.

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "पण पाय पाठीला लावतात ना?"

"ती आपली उसण. ही अमेरिकन आहे. ही मानेकडून काढावी लागते."

म्हाताऱ्याने मान डोलावली. बाजूच्याला म्हणाला, "बरोबर आहे. तिकडचं सगळं उलटं असतं."

टोपल्याच्या आतून योगेंद्र म्हणाला, "मावशी, हसवू नको."

"गप पड. डोळे सोडून काही हलवायचं नाही."

शालिग्राम माईक घेऊन वाकला. "झालं ना वहिनी? लागला ना पाय? उचलायचं आता?"

गाडीचा पत्ता नव्हता. सचिनचा रस्ता, रविवारची वर्दळ. मला वेळ हवा होता आणि नियम संपत आले होते.

"पाय तापीच्या पाण्याने धुतल्याशिवाय गुण येत नाही," मी म्हटलं. "कोणीतरी जा आणि नदीवरून कळशी भरून आणा." म्हटलं, जाऊन येईपर्यंत तासभर निघेल आणि चार आडदांड कमी होतील.

जारवाला पुढे आला. "ताई, सुरतच्या नळाला तापीचंच पाणी येतं. हे आमच्या नळाचंच आहे." आणि त्याने माझ्या पायांवर ओतलंसुद्धा. थंडगार. मेला.

"झालं? उचलू?"

"थांबा." मी डोळे मिटले. लोकांना वाटलं मंत्र म्हणतेय. मी शिव्या आठवत होते. मग सुचलं. "या पोराबद्दल ज्याच्या मनात काही राग असेल त्याने आधी बोलून मोकळं व्हायचं. माफी मागायची. मनात राहिलं तर उसण तिथेच चिकटून बसते. ओळीने या. लांबूनच. हात न लावता."

आणि काय सांगू, ओळ लागली. रेशनला लागत नाही एवढी शिस्तीत लागली.

जारवाला म्हणाला, "योगेंद्र, तुझी सायकल मी पंक्चर केली होती."

"तूच का रे?" टोपल्याच्या आतून.

"बोलू नको," मी म्हटलं.

पाय धरणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "गणपतीच्या वर्गणीत मी तुझं नाव मुद्दाम शेवटी लिहिलं." दुसरा म्हणाला, "मी तुझ्या मानेला म्हैस म्हणायचो." त्यावर तिघे एकदम म्हणाले, "मी पण." दीपक फोन करून परत आला होता. तो ओळीत न लागता थेट गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "दादा, मला वाटलं तू डोकं वर करशील." त्याला बसलेलं बघून दोन्ही टीमचे सगळे बसले. त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं की नव्हतं, ठाऊक नाही. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. मैदानात फक्त डाइंग मिलची धडधड राहिली.

उषाबाईंची पाळी आली. त्यांनी आधी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "बेटा, तू हाई टोपलं घालीसन घर उना तवय मी दार लाई लिधं होतं. मना राग नव्हता. मले भीती वाटनी होती."

योगेंद्रच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जायला लागलं. मला ते पुसता येईना, माझे हात मागे टेकलेले आणि पाय अडकलेले. आणि माझे पाय आता माझे राहिले नव्हते. मुंग्या येऊन बधिर झाले होते, कमरेत कळ मारत होती. पायाळूच्या कमरेला उसण भरली तर तिने कोणाकडे जायचं, याची कोणी सोय केलेली नाही.

ओळ संपली. शालिग्राम राहिला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"माझ्या मनात काय असणार? मी तर त्याला प्रोफेशनल केला."

"भाऊ, मनात ठेवू नका," जारवाला काळजीने म्हणाला. "चिकटून बसेल."

"अरे नाही काही!"

म्हातारा म्हणाला, "बोला की. पोराची मान आहे."

शालिग्रामने रुमालाने कपाळ पुसलं. माईक चालू आहे हे तो विसरला होता. "त्या कोचने गाडी मागितली होती. मी नाही म्हटलं. म्हटलं काय होतंय." पूर्ण मैदानावर घुमलं, "काय होतंय." आणि लाइव्ह तर चालूच होतं. भाच्याने त्याच्या हातातला माईक काढून घेतला, पण घाबरून त्याच्यावर फवाराही मारला.

तेवढ्यात सायरन ऐकू आला.

गाडीतून एक मुलगी उतरली, स्नेहा तिचं नाव, माझ्या भाचीच्या वयाची. तिने माझे पाय बघितले, टोपलं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मासी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"यानेच," मी म्हटलं. "मोबाईलवर."

"तसंच ठेवा. मी सांगेपर्यंत पाय काढू नका."

तिने पट्टा लावला, डोकं आपल्या हातांत घेतलं आणि मला मोकळं केलं. मग बाकीच्यांना म्हणाली, "मी तीन म्हणेन तेव्हा सगळ्यांनी एकदम. आधी नाही, मागून नाही." आमची गल्ली एरवी आरतीला एका सुरात येत नाही. त्या दिवशी आली. योगेंद्र एका दमात फळीवर गेला, टोपल्यासकट.

मला मात्र दोघांनी काखेत धरून उठवावं लागलं. पाय नव्हतेच.

ऑपरेशन झालं. मानेचा मणका सरकला होता, डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू घालून तो जागेवर बसवला. आतली दोरी तुटली नव्हती, सुजली होती. "हलवलं असतं तर संपलं होतं," असं डॉक्टर म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "आता बघू." मला त्या 'बघू'चा फार राग आला. डॉक्टरचा नाही. शब्दाचा. उषाबाई त्या शब्दावर जेवायच्या आणि त्याच शब्दावर उपाशी राहायच्या. हातांची बोटं हळूहळू हलायला लागली. योगेंद्र बोटांनी डाळ-भात कालवू शकला तेव्हा उषाबाईंनी वॉर्डातल्या सगळ्यांना बिस्किटं वाटली. पण पाय नाही. डॉक्टर तळव्याला टोचायचे, विचारायचे, "कळतंय?" तो म्हणायचा, "टोचलं का?" आणि हसायचा. ते हसणं मला बघवायचं नाही.

इकडे लिंबायतीत वेगळंच सुरू झालं. माझे नियम पसरले. लूमवर एक जण शिडीवरून पडला, तर कोणी त्याला हात लावेना. "पायाळूला बोलवा, गाडी बोलवा, आणि ज्याचा राग असेल त्याने बोलून घ्या." गाडी आली, माणूस नीट गेला. मला सांगायला आले तेव्हा मी डोक्याला हात लावला. खरं सांगून यांना वळवता आलं नसतं, आणि खोट्याने शहाणे झाले. यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? मी दोन्ही केलं नाही. भाजी टाकली.

मग एक दिवस योगेंद्रला चाकाच्या खुर्चीत घालून खालच्या मजल्यावर व्यायामाला न्यायचं होतं. गळ्याला पट्टा, मागे उषाबाई, पुढे मी. लिफ्ट यायच्या वेळेला शालिग्राम उगवला, हातात शहाळं. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर घुसला. त्यात आधीच एक नर्स, एक म्हातारी, एक ऑक्सिजनचा सिलिंडर. पाठ टेकायला जागा नाही.

"वहिनी, एक विचार आहे," शालिग्राम म्हणाला. "तुमचा तो व्हिडिओ फार चालला. शेठ खूश आहेत. पुढच्या सीझनला तुम्ही प्रत्येक मॅचला मैदानात बसायचं. लीगची ऑफिशियल पायाळू. टी-शर्ट देतो."

"आणि गाडी?"

"गाडी कशाला मग? तुम्ही असताना! गाडीचा केवढा त्रास असतो, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही म्हणजे घरचंच."

उषाबाई म्हणाल्या, "काय हो भाऊ, मनं पोर आठे बशेल शे आणि तुम्ही..."

"काकू, पोराचंच तर भलं बघतोय. त्याच्यासारखी दुसरी पोरं..."

मला जे सुचलं ते बोलायला तोंड उघडलं, पण शब्द एवढे एकदम आले की एकही बाहेर पडेना. म्हणून मी पाय आपटला. डावा. सगळा जोर लावून. एवढ्या वर्षांच्या लाथांत नसेल एवढा राग त्यात होता, आणि तो शालिग्रामच्या बुटावर पडावा अशी माझी मनापासून इच्छा होती. पण लिफ्टमध्ये जागा कुठे होती?

"आई गं! मावशी!"

लिफ्ट खाली जात होती. योगेंद्रचा उजवा पाय खुर्चीच्या फळीवरून घसरून खाली आला होता आणि माझी टाच त्याच्या अंगठ्यावर होती.

मी म्हटलं, "काय झालं?"

"काय झालं काय? तू माझ्या पायावर उभी आहेस!"

"कुठल्या?"

"उजव्या! अंगठ्यावर!"

उषाबाईंनी लिफ्टची भिंत धरली. "कळस का रे तुले? खरंच कळस?"

"अगं आई, जीव चाललाय माझा, कळतंय म्हणजे काय!"

शालिग्राम सगळ्यांत आधी शुद्धीवर आला. "बघितलं! बघितलं ना! पायाळूचा पाय लागला! मी शेठला आत्ता फोन करतो..."

"पायाळूचा नाही!" मी ओरडले. "डॉक्टरांनी चिरफाड केली, सूज उतरली, म्हणून कळलं! आणि तुला सांगते शालिग्राम, गाडी आणि फळी मैदानात उभी नसेल तर मी येऊन तुझ्या शेठसमोर..."

"पण लागला तर तुमचाच ना वहिनी!"

"लागनाच ना व," उषाबाई रडत म्हणाल्या. "लागना तर खरा."

"लागला म्हणजे चुकून लागला!"

म्हातारी नर्सला विचारत होती की ही बाई कुठे राहते, तिची कंबर फार दिवसांपासून धरलीय. नर्स म्हणाली, तिलाही पत्ता हवाय. शालिग्राम फोनवर ओरडत होता की रेंज नाही. मी त्याला आणि त्याच्या लीगला आणि त्या शेठच्या अमेरिकेतून आलेल्या पोराला जे जे साठवून ठेवलं होतं ते सगळं एका दमात देत होते, आणि खाली, खुर्चीतून, गळ्याच्या पट्ट्यामुळे मान वर न करता येणारा योगेंद्र, डोळे पाण्याने भरून, हसत आणि कळवळत सगळ्यांच्या वरताण ओरडत होता,

"अहो, कोणीतरी आधी तिचा पाय काढा!"